एकट्यानं केलेलं



हा अंक पंधरा दिवस उशिरा निघतो आहे. दोष छापखान्याचा नाही, माझा आहे. संपादकीयाला सलग दोन तास लागतात आणि ते मला या तिमाहीत मिळाले नाहीत. घरी सासूबाईंचं आजारपण, केंद्रात रोज नवी केस, आणि रात्री दहानंतर डोळे उघडे राहत नाहीत. हे सांगितलं तेव्हा आमच्या गटातली सर्वांत जुनी मैत्रीण म्हणाली, "बाईला वेळ मिळत नसतो गं, चोरावा लागतो." तर चोरलेल्या वेळात जे ऐकत होते त्याबद्दलच लिहिते. विषय आपल्या अंकाला जरा परका वाटेल, पण थोडं सोबत चला.

डिसेंबर २०२० मध्ये पॉल मॅकार्टनी या ब्रिटिश गायकाचा 'मॅकार्टनी थ्री' हा अल्बम आला. माझा धाकटा भाऊ इंग्रजी गाण्यांचा वेडा. त्यानं मला तो मोठ्या कौतुकानं पाठवला. "ताई, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे. गिटार, ड्रम, पियानो, सगळं एकट्यानं वाजवलंय. तेही लॉकडाऊनमध्ये!" साठच्या दशकात जगभर गाजलेल्या बीटल्स या चौकडीतला हा एक. इंग्लंडच्या ससेक्स भागात एका जुन्या पवनचक्कीत त्याचा स्टुडिओ आहे. लॉकडाऊनमध्ये तो जवळच आपल्या शेतावर मुलगी मेरी आणि नातवंडांबरोबर राहत होता. एका छोट्या चित्रपटाचं अर्धवट संगीत पुरं करायला म्हणून स्टुडिओत गेला आणि मग रोज जात राहिला. आधी एक वाद्य वाजवायचं, मग ते ऐकत त्यावर दुसरं, मग तिसरं. असा अल्बम झाला.

मला आवडला. आवाज थकलेला आहे आणि त्यानं तो लपवलेला नाही. यादीत 'विमेन अँड वाइव्ज' हे नाव दिसलं म्हणून (सवय!) आधी तेच लावलं. ते स्त्रियांबरोबर पुरुषांनाही उद्देशून निघालं आणि त्यात वडीलधारा उपदेश जरा जास्तच आहे. पण मनात अडकला तो भावाचा शब्द. एकट्यानं.

कारण तो हे वाजवत होता त्याच महिन्यांत आम्ही हेल्पलाइनवर बसलो होतो. २५ मार्च २०२० पासून सगळा देश घरात होता आणि फोन येत नव्हते. पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, बरं चाललंय. मग कळलं की फोन करायला बाई एकटी असावी लागते आणि तीच गोष्ट आता कुठल्याच घरात उरलेली नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं चोवीस तास. एक बाई मोरीत नळ सोडून बोलायची. पाणी संपलं की फोन संपायचा. तिचं म्हणणं आम्ही पाच तुकड्यांत, नऊ दिवसांत लिहून घेतलं. त्याच एप्रिलमध्ये राष्ट्रीय महिला आयोगाला तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू करावा लागला. तोंडानं बोलायची सोय नसेल तिला निदान लिहिता तरी यावं.

म्हणून 'एकट्यानं केलं' हे ऐकून मला त्या वादकाच्या कौशल्याआधी त्याची खोली दिसली. तिथेही तो अगदी एकटा नव्हताच. ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ हजर होते. एका गाण्यात त्याच्या वाद्यवृंदातले दोघे आहेत. वेष्टनावरचे फोटो मेरीनं काढलेले. त्यात वाजतो तो एक जुना डबल बास त्याला पत्नी लिंडानं भेट दिला होता. ती १९९८ मध्ये कर्करोगानं गेली. मॅकार्टनी यातलं काही लपवत नाही, सगळं स्वतःहून सांगतो. 'एकट्यानं' हा शब्द लावून मोकळे होतो ते आपण.

असा अल्बम त्यानं पहिल्यांदा केला तो पन्नास वर्षांपूर्वी. १९६९ च्या अखेरीला बीटल्स फुटत होते. तो खचला होता, पीत होता, सकाळी अंथरुणातून उठत नव्हता. लिंडानं त्याला सावरलं, हेही त्यानंच पुढे अनेकदा सांगितलं आहे. लंडनच्या घरी त्यानं चार ट्रॅकचं ध्वनिमुद्रण यंत्र आणून बसवलं आणि बहुतेक वाद्यं स्वतः वाजवत गाणी करू लागला. त्या घरात तेव्हा कोण होतं? चार महिन्यांची मेरी, सात वर्षांची हेदर, आणि लिंडा. लिंडा स्वतः नावाजलेली छायाचित्रकार होती. गाण्यांतला साथीचा आवाज तिचा. फोटो तिचे. त्यातल्या एकात त्याच्या जाकिटातून तान्ही मेरी डोकावते आहे. फार गोड फोटो आहे. मी मात्र तो बघताना विचार करत होते की एवढा एक क्षण सोडला तर दिवसभर ते बाळ कोणाकडे असेल. (आमच्या घरी असले विचार बोलून दाखवले की सगळे म्हणतात, "हिचं सुरू झालं.")

यंत्र चालतं का हे तपासायला म्हणून केलेलं गाणं पहिलं आहे, जेमतेम पाऊण मिनिटाचं. लिंडाच्या नावाचंच. त्यात दार करकरल्याचा आवाज आहे. लिंडाच्या येण्याजाण्यानं वाजलेलं दार. ते तसंच ठेवलं, कारण घरगुती वाटतं, छान वाटतं. एप्रिल १९७० मध्ये तो अल्बम आला.

यानंतर जे झालं ते आपल्या कामाचं आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये 'अनदर डे' हे गाणं आलं. एका नोकरदार एकट्या बाईचा दिवस त्यात आहे. गीतकार म्हणून नावं होती दोघांची, मिस्टर आणि मिसेस मॅकार्टनी. तेव्हा गाण्यांचे हक्क असलेल्या प्रकाशन कंपनीनं कोर्टात धाव घेतली. म्हणणं असं की ही बाई गाणं लिहूच शकत नाही, मानधनातला वाटा मिळावा म्हणून नवऱ्यानं तिचं नाव घुसडलंय. पैशांचा प्रश्न खरा होता, करार होते, मोठ्या रकमा होत्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली. तरी मला हे विसरता येत नाही. 'मी एकट्यानं केलं' म्हणणाऱ्या पुरुषाकडे कोणी पुरावा मागितला नाही. 'आम्ही दोघांनी केलं' म्हटल्याबरोबर बाईकडे पुरावा मागितला. तो कुठून आणणार? जेवणाच्या टेबलावर, मूल मांडीवर घेऊन सुचवलेल्या ओळीची पावती फाडतात का? पुढे ती त्याच्या वाद्यवृंदात कीबोर्डवर उभी राहिली तर वर्षानुवर्षं तिची टिंगल झाली. मालमत्तेच्या दाव्यांमध्ये आपण रोज हेच बघतो. दुकान त्याचं, गल्ल्यावर वीस वर्षं बसली ती, आणि वकील विचारतो, कागद कुठाय.

मग बाई एकटीनं करते तेव्हा काय होतं? जोन आर्माट्रेडिंगचं उदाहरण घेऊ. १९५० मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर जन्मलेली ही काळी मुलगी इंग्लंडात बर्मिंगहॅमला वाढली. वडिलांकडे गिटार होती, पण ते तिला हात लावू देत नसत. आईनं गहाणवटीच्या दुकानात दोन जुन्या बाबागाड्या दिल्या आणि बदल्यात तिच्यासाठी गिटार आणली. (या एका व्यवहारावर मी अख्खं शिबिर घेऊ शकेन.) पहिला अल्बम १९७२ चा. सूर तिचे, पण निर्मितीची सूत्रं पुरुषांकडे. ती स्वतःच्या हाती यायला १९८६ उजाडलं. पुढे स्वतःच्या स्टुडिओत ती एकेक वाद्य स्वतःच वाजवू लागली. २००७ च्या 'इन्टू द ब्ल्यूज'मध्ये ड्रम सोडून सगळं तिचं. २०२१ च्या 'कॉन्सिक्वेन्सेस'मध्ये आणि २०२४ च्या अल्बममध्ये तर ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञही नाही. ते कामही तिचंच. तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली होती. अमेरिकेत २०१२ ते २०२० मधल्या गाजलेल्या गाण्यांची एका विद्यापीठानं पाहणी केली, तर निर्मात्यांमध्ये स्त्रिया शेकडा तीनही नव्हत्या. म्हणजे यंत्राच्या खोलीत ती खरोखरच एकटी आहे. माझ्या भावानं, बिचाऱ्यानं, तिचं नाव ऐकलेलं नव्हतं.

इथे कोणी म्हणेल, आपण सामूहिकतेची भाषा बोलणाऱ्या. पंचवीस जणींनी मिळून गाणं रचायचं, फलकावर कोणा एकीचं नाव लिहायचं नाही, ही आपली रीत. ती मला प्रिय आहे. पण गेल्या वर्षी केंद्रामागची सामानाची खोली रिकामी केली, आतून कडी बसवली आणि सांगितलं, गुरुवारी दुपारी ज्या कोणीला हवी तिनं एक तास वापरावी. कशासाठी, ते विचारणार नाही. बैठकीत यावर भांडण झालं. जागा कमी असताना एकीला अख्खी खोली कशाला? प्रश्न बरोबर होता. मी उत्तर नीट देऊ शकले नाही, कडी मात्र बसली. पहिले तीन गुरुवार बायका आत जाऊन झोपल्या.

चौथ्या गुरुवारी आमच्यातली एकजण आत गेली. ती मोर्च्यांसाठी गाणी रचते. तिनं आठ मार्चचं गाणं मोबाइलवर एकटीनंच म्हटलं, ताल पत्र्याच्या डब्यावर धरला. ऐकलं तर मध्येच दारावर थापा आणि तिच्या धाकट्याची "आई, आई" अशी हाक. मला ते फार हृद्य वाटलं. म्हटलं, राहू दे की हे, छान वाटतंय.

ती म्हणाली, "ताई, ते कापा. ते मला घरी रोज ऐकू येतं."

कापलं.