तणाच्या बाजूनं

परवा गोदीत पाळी सुटल्यावर चहा पिता पिता एक दोस्त म्हणाला, 'काय रे कवी, इथं माणसं मरायला लागलीत आणि तू फुलपाखरांवर लिहितोस? हे पांढरपेशांचे चोचले हायत.'

मी गप्प बसलो. कारण तो खोटं बोलत नव्हता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होतं, आपल्या आज्या-पणज्यांना नाही. १९९७ साली हायकोर्टाचा हुकूम झाला आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. जंगल वाचवा म्हणणाऱ्यांचं बोट आधी आपल्याकडंच वळतं. बिल्डरकडं वळेस्तोवर ते दुखायला लागतं. तेव्हा 'जैवविविधता' हा शब्द ऐकला की आपला माणूस आधी घराचे कागद शोधतो. बरोबर करतो.

तरीपण दोस्तहो, मी तणाच्या बाजूनं उभा आहे. का, ते सांगतो.

आमच्या वस्तीच्या मागं एक खड्डेवजा रान होतं. वस्तीचं नाव लिहीत नाही, ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत अशी पुष्कळ आहेत. पावसाळ्यात तिथं बेडकांचा नुसता कालवा. टाकळा उगवायचा. आई कोवळा पाला खुडून भाजी करायची, आणि उरलेल्या पाल्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढायच्या. कडेला रुई होती. तिच्या विषारी चिकावर एक तांबूस-नारिंगी फुलपाखरू पोसतं. अळी असताना ते रुईचं विष अंगात भरून घेतं, मग पाखरं त्याला तोंड लावत नाहीत. गवताच्या बियांवर मुनियांचे थवे उतरायचे. उंबर होता. त्याच्या फळात बारीक किडे, फळांवर तांबट आणि रात्री वटवाघळं. कागदावर मात्र ही जागा 'पडीक'.

मग सुधारणा आली. रुई उपटली, टाकळा उपटला, खड्डा भरला. हिरवळ अंथरली, पेव्हर ब्लॉक ठोकले. उंबराच्या बुंध्याला सिमेंटचा फास बसला. फायबरचं एक हरीण उभं राहिलं. रात्रभर जळणारे दिवे लागले. बाकांच्या मधोमध लोखंडी दांडा बसवला, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. दुपारी फाटकाला कुलूप. मी रात्रपाळी करून, झोप अर्धी टाकून दुपारी सावली शोधत येतो, तेव्हा सावली आत आणि मी बाहेर.

ज्या फाटकानं मला अडवलं, त्याच हिरवळीनं मुनियाला हाकललं. हिरवळ एकाच जातीच्या गवताची. वाढायच्या आत कापायची. बी धरायची तिला परवानगी नाही, मग मुनिया खाणार काय? पाचोळा झाडून पेटवायचा, मग गांडूळ, भुंगा, बेडूक राहणार कुठं? रात्र उजेडानं भरायची, मग काजवा कुणाला दिसणार?

तिथला माळी माझ्यासारखाच कंत्राटी. त्याला झाडन् झाड ठाऊक आहे, पण विचारतं कोण? तो म्हणाला, 'काय करू भाऊ, आपोआप उगवलेलं सगळं उपटायचा हुकूम हाय. बाग स्वच्छ दिसली पाहिजे.'

स्वच्छ! हा शब्द आपल्याला नवा नाही. लावलेलं ते पवित्र, आपोआप उगवलं ते घाण. कुणी पेरलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, तरी फटीतून वर आलं, हाच त्याचा गुन्हा. ही फिर्याद आपण कुठं ऐकली आहे?

थांबा, आपोआप उगवलेलं सगळंच चांगलं, असंही माझं म्हणणं नाही. घाणेरी बघा. ती बाहेरच्या मुलखातून आली हा तिचा दोष नाही. ती दुसऱ्याला उगवू देत नाही, हा तिचा दोष. ती खुशाल उपटा.

वस्तीतल्या बाया विचारतात, गवत ठेवलं तर साप येतील, डास होतील. तळमजल्यावर पोरं निजतात त्यांची, प्रश्न खरा आहे. म्हणून रान भिंतीला लागून नको, बागेच्या एका कोपऱ्यात असावं. आणि डेंग्यूचा डास गवतात जन्मत नाही. तो टायरात, पिंपात, कुंडीत साचलेल्या पाण्यात जन्मतो. बेडूक आणि चतुर डास खातात. त्यांना हाकलून आपण धुराचं मशीन विकत घेतलं.

उदाहरणं लांब शोधायला नकोत. घोडबंदर रोडला ओवळा गावात ओवळेकर वाडी आहे. अळीला खायला एक झाड, फुलपाखराला मध प्यायला दुसरं, एवढ्या साध्या हिशोबावर तिथं शंभरावर जातींची फुलपाखरं दिसतात. आणि कळवा सोडल्यावर गाडीतून जी ठाण्याची खाडी दिसते, तिच्या चिखलाला लोकांनी जन्मभर नाकं मुरडली. त्याच चिखलातलं शेवाळ आणि किडे खायला रोहित पक्षी येतात. २०१५ साली खाडीचा भाग अभयारण्य झाला, २०२२ साली रामसरच्या यादीत गेला. चिखल तोच. बदलली ती बघणाऱ्याची नजर.

चिखल आपल्यालाही पोसतो. २६ जुलै २००५ ला कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यात उल्हास आणि वालधुनी घरात शिरल्या. पाणी जिरवणारी जागा बुजवली की पाणी सगळ्यात खालच्या घरात येतं. सगळ्यात खालचं घर कुणाचं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता कामाचं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पालिकेत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. नावातच 'लोक' आहे. मग आपण लोक नाही का? त्या वहीत माळ्याचं, सफाई कामगाराचं, खाडीतल्या कोळ्याचं, येऊरच्या आदिवासीचं आणि टाकळा खुडणाऱ्या माझ्या आईचं ज्ञान त्यांच्या तोंडून उतरलं पाहिजे. ही वही बघायला मागा. नसेल तर का नाही, ते लेखी विचारा.

पुढं मागा: प्रत्येक बागेत एक कोपरा बिनहिरवळीचा. पाचोळा जाळायचा नाही. बुंध्याभोवती माती मोकळी. रात्री दिवे रस्त्यापुरते. तिकीट नको, दुपारी कुलूप नको. माळी कायम करा. आणि कल्याणच्या आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर २०२१ साली बंद झाला, त्या जागेचं पुढं काय करायचं ते ठरवताना पहिला शब्द त्यांचा, ज्यांनी त्याचा धूर छातीत भरून घेतला.

दोस्ताला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'लिही मग. पण कुलपाचं आधी लिही.'

तो येत्या रविवारी माझ्याबरोबर येतोय. बागेच्या मागच्या भिंतीला एक फट आहे, तिच्यातून रुई पुन्हा वर आलीय. पानावर अळी आहे का ते बघू, आणि मग वस्तीच्या सह्या गोळा करू.