विश्लेषण : मुलांना घरकाम कोणत्या वयापासून सांगावे? ते मुलींच्याच वाट्याला का येते?

मुलांना घरकामाची सवय लावावी का, हा प्रश्न एरवी पालकांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांपुरता राहतो. मात्र देशात घरकामाचे वाटप किती विषम आहे, हे सरकारी सर्वेक्षणांतून वारंवार दिसले आहे. ही विषमता लग्नानंतर अचानक निर्माण होत नाही. तिची सुरुवात बालपणीच होते. म्हणून कोणत्या मुलाला कोणते काम सांगितले जाते, याला महत्त्व आहे.

आकडेवारी काय सांगते?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ वापर सर्वेक्षणात सहा वर्षे व त्यावरील व्यक्ती दिवसाचे २४ तास कशात घालवतात, याची नोंद होते. २०१९ च्या सर्वेक्षणानुसार ८१.२ टक्के महिला व मुली विनामोबदला घरकाम करत होत्या. पुरुष व मुलग्यांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये २०२४ च्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यानुसार घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत महिलांची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषांचा वेळही जवळपास तेवढाच घटला. दोघांमधील अंतर होते तिथेच राहिले.

फरक कोणत्या वयात सुरू होतो?

युनिसेफने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील ५ ते १४ वयोगटातील मुली दररोज एकूण ५५ कोटी तास घरकाम करतात. त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा हे १६ कोटी तास अधिक आहेत. ५ ते ९ या वयात मुली मुलग्यांपेक्षा ३० टक्के अधिक वेळ काम करतात आणि १० ते १४ या वयात ५० टक्के. मुलीच्या वयाबरोबर तिचे काम वाढते आणि ते अभ्यास, खेळ व विश्रांतीच्या वेळेतून वजा होते.

लहान मुलांना मदत करायला आवडते का?

याचे उत्तर बहुतांशी ‘हो’ असे आहे. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेतील फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये १८ महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केले. अनोळखी माणसाच्या हातून कपड्यांचा चिमटा पडला किंवा हात भरलेले असल्याने त्याला कपाट उघडता येईना, तर बहुतेक मुले न सांगता मदतीला गेली. पोळ्या लाटताना लुडबुड करणारे, केरसुणी ओढणारे मूल हीच इच्छा दाखवत असते. पण पसारा होईल, उशीर होईल म्हणून त्याला बाजूला केले जाते. तेच मूल दहा वर्षांचे झाल्यावर काम करत नाही, अशी तक्रार मग सुरू होते.

बक्षीस किंवा पैसे द्यावेत का?

याच दोन संशोधकांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांमध्ये पाहिले, की मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुले नंतर कमी मदत करू लागली. काहीच न मिळालेल्या किंवा केवळ कौतुक झालेल्या मुलांमध्ये तसे घडले नाही. घर सर्वांचे म्हणून काम सर्वांचे, ही समज मोबदल्याने मागे पडू शकते. काम हीच शिक्षा ठरवली, तरी परिणाम वेगळा होत नाही.

मदत आणि मजुरी यांत सीमा कोणती?

बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. मात्र शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कामात कुटुंबाला मदत करण्याची मुभा आहे. दुसऱ्याच्या घरी मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ पासूनच बंदी आहे. कायद्याची ही रेषा स्पष्ट असली, तरी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी तिच्या कक्षेत सहज दिसत नाही. त्यामुळे कसोटी सोपी ठेवावी लागते : कामामुळे शाळा, खेळ किंवा झोप बुडत असेल, तर ती मदत उरत नाही.

दुसऱ्या टोकाला शहरी मध्यमवर्गीय घर असते. तिथे धुणेभांडी मावशींकडे आणि स्वयंपाक आईकडे असतो. आपले ताट उचलण्याचीही वेळ न आलेले मूल ‘हे काम दुसऱ्याचे’ एवढेच शिकते. एका घरात कामाचे ओझे, तर दुसऱ्या घरात कामाशी ओळखच नाही, अशी ही स्थिती आहे.

धोरणांमध्ये याची दखल घेतली जाते का?

काही ठिकाणी घेतली जाते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र दिले. केरळमध्ये २०२४ च्या तिसरीच्या पुस्तकात वडील स्वयंपाकघरात नारळ खवताना दिसतात. स्पेनने २०१५ मध्ये कायद्यातच नमूद केले, की मुलांनी वयानुसार घरकामात सहभागी व्हावे आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेद नसावा.

घरात काय करता येईल?

दोन-तीन वर्षांचे मूल खेळणी जागेवर ठेवू शकते. चार-पाच वर्षांचे मूल मटार सोलते, पाने घेताना वाट्या मांडते. सहा-सात वर्षांच्या मुलाला आपला डबा काढून ठेवणे, रुमालांच्या घड्या घालणे, ओला-सुका कचरा वेगळा करणे जमते. विस्तव, सुरी आणि वीज यांची कामे मोठ्यांच्या देखरेखीखालीच द्यावीत. मुलाने घातलेली वाकडी घडी त्याच्यासमोर पुन्हा घालू नये. कामे आठवड्याने आलटून पालटून द्यावीत, म्हणजे बाजारहाट मुलाकडे आणि भांडी मुलीकडे अशी विभागणी कायमची होत नाही. मूल ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकते. त्यामुळे बाबांनी भांडी घासणे, हा या सगळ्यातला पहिला धडा ठरतो.