‘बुटीक’ हॉटेल आणि एकट्याचा मुक्काम

‘बुटीक’ हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा साधा अर्थ दुकान, आणि तेही लहान. हॉटेल व्यवसायात तो रुळला गेल्या शतकाच्या नवव्या दशकात. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी ‘मॉर्गन्स’ नावाचे हॉटेल सुरू केले. एकाच साच्याच्या शेकडो खोल्यांऐवजी मोजक्या खोल्या, स्वतंत्र सजावट आणि पाहुण्याला नावाने ओळखणारा नोकरवर्ग, अशी त्यामागची कल्पना होती. साखळी हॉटेले ही भव्य भांडारे, तर हे एखादे नेटके दुकान, असा या नावाचा भाव होता.

व्यापारी कुटुंबातील वाचकाला दुकानाची पारख शिकवावी लागत नाही. लहान दुकानात मालक स्वतः गादीवर असेल, तर मोठ्या भांडारात न मिळणारी आस्था मिळते. गादी नोकरावर सोडलेली असेल, तर भांडारातील शिस्तही नाही आणि मालकाची आस्थाही नाही, अशी गत होते. लहान हॉटेलांचे नेमके हेच आहे. शिवाय ‘बुटीक’ ही काही सरकारमान्य प्रत नव्हे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात एक ते पाच तारे आणि त्यावर ‘पंचतारांकित डिलक्स’ अशा पायऱ्या आहेत. ‘बुटीक’ नावाचा तारा त्यात नाही. जुन्या लॉजच्या भिंतीला रंग देऊन, पितळी दिवे टांगून कोणीही ही पाटी लावू शकतो. म्हणून पाटी वाचून नव्हे, तर चौकशी करून निवड करावी लागते. एकट्याने प्रवास करणाऱ्याला तर हे अधिकच लागू पडते, कारण चूक निस्तरायला सोबत दुसरे कोणी नसते.

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. मुंबईला खरेदीसाठी गेलेला व्यापारी आडतदाराच्या पेढीवर पथारी टाकी, नातेवाइकांकडे उतरे, किंवा धर्मशाळेची वाट धरी. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या दातृत्वातून उभी राहिलेली सी. पी. टँकची हिराबाग कित्येक पिढ्यांच्या परिचयाची आहे. धर्मशाळांचे हे ऋण फिटणारे नाही. तथापि अनेक धर्मशाळांत एकट्या माणसाला, विशेषतः एकट्या स्त्रीला, खोली न देण्याची रूढी आहे. इकडे नातेवाइकांची घरे दोन खोल्यांची झाली आणि पेढ्यांवर रात्री कुलूप लागू लागले. त्याच वेळी घराघरांतील मुली आणि सुना शिकून व्यवसायात उतरल्या. कोणी दागिन्यांचे नमुने पाहायला जाते, कोणी कापडाच्या खरेदीला, कोणी सनदी लेखापालाच्या परीक्षेनंतर मुलाखतीला. अशा वेळी “एकटी राहणार कुठे?” या एका प्रश्नावर दौरा रद्द होतो आणि खरेदीला धाकट्या दिराला धाडले जाते. ज्याला मालाची जाण कमी तो जातो आणि जिला जाण आहे ती घरी राहते. हा तोटा कोणत्याही खतावणीत दिसत नाही, पण तो होतोच. प्रश्नाचे उत्तर शोधले, तर तो टाळता येतो.

उत्तराचा आरंभ हॉटेलपासून नव्हे, कामापासून करावा. मुंबई दक्षिणोत्तर लांबट पसरलेली आहे; तेथे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, वेळेत मोजतात. मुळजी जेठा किंवा मंगलदास मार्केटमधील कापड, झवेरी बाजारातील सोने, लोहार चाळीतील विजेचे साहित्य यांसाठी जाणाऱ्याने दक्षिण मुंबईतच मुक्काम करावा. हिऱ्यांच्या कामासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स गाठायचे, तर वांद्र्याचा परिसर सोयीचा. गोरेगावच्या नेस्को मैदानावरील प्रदर्शनासाठी पश्चिम उपनगर बरे. मसाला किंवा धान्याच्या व्यवहारासाठी वाशीच्या बाजार समितीत जाणाऱ्याने कुलाब्यातील छायाचित्रांवर भाळून तेथे खोली घेतली, तर दिवसाचे तीन तास रस्त्यावर जातील. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्णपणे सुरू झाल्यामुळे एक मोठी सोय झाली आहे. वांद्रे-कुर्ला संकुल, गिरगाव, काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक ही सारी स्थानके एकाच मार्गावर आहेत. या मार्गावरील स्थानकापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आणि रात्रीही वर्दळ असलेल्या रस्त्यावर हॉटेल असेल, तर निम्मे काम झाले. आतल्या गल्लीतील हॉटेल दिवसा निवांत वाटते. रात्री साडेनऊला तीच गल्ली निर्मनुष्य असते.

परिसर ठरला की दोन-तीन नावे निवडावीत आणि मग नव्या गिऱ्हाइकाला उधारी देताना जशी चौकशी करतात, तशी करावी. पत जाहिरातीवरून ठरत नाही. बाजारात विचारून ठरते. हॉटेलने स्वतः काढलेली छायाचित्रे बाजूला ठेवून राहून गेलेल्या पाहुण्यांनी काढलेली पाहावीत. अभिप्राय वाचताना गेल्या तीन-चार महिन्यांतले, आणि त्यांतही एकट्याने राहिलेल्या स्त्रियांचे व वृद्धांचे आधी वाचावेत. स्तुतीपेक्षा तक्रारीत माहिती अधिक असते. एकाच तक्रारीचा पुन्हा पुन्हा उल्लेख येत असेल, तर ती खरी समजावी. तक्रारीला हॉटेलने नम्रपणे उत्तर दिले आहे की पाहुण्यालाच दोष दिला आहे, हेही पाहावे.

त्यानंतर फोन करावा, आणि तो रात्री दहानंतर करावा. दिवसा मालक किंवा व्यवस्थापक बोलतो. रात्री जो बोलेल, त्याच्याच भरवशावर पाहुणा झोपणार असतो. रात्री बारा ते सहा स्वागतकक्षात कोण असते? मुख्य दार कधी बंद होते आणि उशीर झाल्यास कोण उघडते? खोलीच्या दाराला आतून वेगळी कडी आहे का? खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का? नोकरवर्गात एखादी तरी स्त्री आहे का? या पाच प्रश्नांची उत्तरे ज्याला सरळ देता येतात, तेथे व्यवस्था आहे असे समजावे. “मॅडम, काही काळजी करू नका” हे उत्तर नव्हे.

खिडकीचा प्रश्न हवेपुरता किंवा देखाव्यापुरता नाही. २९ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्याच्या बडा बाजार भागातील एका हॉटेलला आग लागली आणि किमान १४ जणांचा बळी गेला. त्यांतील बहुतेक जण धुराने गुदमरून गेले. बडा बाजार म्हणजे व्यापारी वस्तीचे केंद्र. काम जवळ पडावे म्हणून अशाच हॉटेलांत व्यापारी उतरतो. दक्षिण मुंबईतील अनेक लहान हॉटेलेही जुन्या इमारतींच्या एखाद-दुसऱ्या मजल्यावर थाटलेली आहेत. लाकडी जिना, अरुंद बोळ आणि मोठ्या खोलीचे तुकडे करून काढलेल्या बिनखिडकीच्या खोल्या तेथे आढळतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे लागते. ते आहे का, हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. खोलीत पोहोचल्यावर सामान ठेवण्याआधी दुसरा जिना कोठे आहे, तो मोकळा आहे की गाद्यांनी अडवलेला आहे, हे स्वतः चालत जाऊन पाहावे. बिनखिडकीची खोली मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

जैन प्रवाशासाठी आहाराचा आणि आचाराचा विचारही निवडीतच येतो. बहुतेक लहान हॉटेलांत सकाळच्या न्याहारीपुरतेच स्वयंपाकघर असते. ते शाकाहारी आहे का, नसल्यास भांडी वेगळी आहेत का, हे आधी विचारावे. चौविहार पाळणाऱ्याने सूर्यास्ताची वेळ लक्षात घ्यावी. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर. हिवाळ्यात बाजारातून हॉटेलवर परतून जेवायचे म्हटले तर वेळ टळतेच. म्हणून जेवणाची जागा कामाच्या जागेजवळ शोधावी आणि मुक्काम त्यानंतर गाठावा. काळबादेवी-भुलेश्वर भागात कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असलेले भोजन सहज मिळते. पाणी उकळण्यासाठी खोलीतील किटलीवर विसंबण्यापेक्षा स्वतःची लहान किटली न्यावी. आधीच्या पाहुण्याने त्या किटलीत काय शिजवले असेल, हे सांगता येत नाही. नित्य दर्शनाचा नियम असणाऱ्यांना पायधुणीचे गोडीजी पार्श्वनाथ किंवा वाळकेश्वरचे आदिश्वरजी दक्षिण मुंबईतून जवळ पडते. पश्चिम उपनगरात उतरणाऱ्यांना बोरिवलीची पोदनपूरची त्रिमूर्ती गाठता येते.

हिशेबाची बाजू थोडक्यात, पण नीट समजून घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. दरात २०० रुपयांचा फरक, पण बिलात १,१९८ रुपयांचा. हॉटेलच्या बाबतीत पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे ते हॉटेल जेथे उभे आहे ते राज्य. त्यामुळे बेळगाव किंवा इंदूर येथे नोंदणी असलेल्या पेढीला मुंबईच्या खोलीवरील कराची वजावट मिळत नाही. दरांची तुलना करताना तो कर खर्चातच धरावा. खोली राखून ठेवतानाच पेढीचे नाव व जीएसटी क्रमांक द्यावा, निघताना घाईत नव्हे. एका दिवसात एकाच व्यक्तीला किंवा संस्थेला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य होत नाही, हेही विसरू नये. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप जोडण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. तो जोडलेला दिसल्यास काढून टाकण्यास सांगावे. न ऐकल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आगाऊ रक्कम भरताना पहिल्या एकाच रात्रीची भरावी. जागा पसंत पडली तर मुक्काम वाढवता येतो. लहान हॉटेलवाले त्यासाठी दरही कमी करतात. पहिल्याच संध्याकाळी काही खटकले, दाराची कडी नीट बसत नाही, स्वागतकक्षातील माणूस खोलीचा क्रमांक चारचौघांत मोठ्याने सांगतो, मागितलेली खोली न देता आतली खोली पुढे करतो, तर खोली बदलून मागावी. न मिळाल्यास जागा सोडावी. एका रात्रीचे पैसे बुडाले तरी ते बुडीत खाती टाकण्याजोगे आहेत. ओळखपत्र म्हणून आधार दाखवायचे असल्यास ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात, ती ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. दागिन्यांची जोखीम मात्र खोलीतील कपाटवजा तिजोरीत कधीही ठेवू नये. ती परिचित पेढीच्या तिजोरीत, पावती घेऊन, ठेवावी. हॉटेलचे नाव, खोली क्रमांक आणि परतीची वेळ घरच्या एका माणसाला कळवावी. ती सर्व गटांवर टाकण्याची गरज नाही. अडचणीच्या वेळी ११२, आणि मुंबईत स्त्रिया व ज्येष्ठांसाठी १०३, हे क्रमांक फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवावेत.

ही सारी चौकशी अर्ध्या तासाची आहे. ती घरातील कर्त्या पुरुषाने परस्पर उरकून निर्णय सुनेच्या हाती ठेवण्यापेक्षा जिला जायचे आहे तिनेच करावी, हे अधिक योग्य. प्रश्न विचारण्याचा आणि उत्तरातील खोट ओळखण्याचा सराव तेथूनच सुरू होतो, आणि पुढे मालाचा भाव करताना तोच उपयोगी पडतो. मुलगा प्रथमच एकटा निघाला असेल, तर त्यालाही हेच पाच प्रश्न विचारायला लावावेत. धूर आणि चोर मुलगा-मुलगी पाहून येत नाहीत. सुरक्षिततेची काळजी वाहणे हे कुटुंबाचे कर्तव्यच आहे. मात्र जिला जायचे आहे तिला घरी ठेवून ते पार पडत नाही. नीट चौकशी करून तिला पाठवले, तर पार पडते.