जोडलेले हात सोडा

खोडाळ्याच्या पोरांनो, पोरींनो,

जव्हार-मोखाड्यात गरिबाला एकच उभं राहणं शिकवलंय. मान खाली, पाठ वाकलेली, पाय जुळलेले, हात जोडलेले. सावकारापुढं असं, साहेबापुढं असं, वीटभट्टीच्या मुकादमापुढं असंच. ह्याला ते नम्रता म्हणतात. मी म्हणतो, ही मार खायची तयारी आहे. जुळल्या पायांचा माणूस एका धक्क्यात आडवा होतो. खाली मान घातलेल्याला येणारी काठी दिसत नाही.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं संपली म्हणे! २०२१ साली ह्याच मोखाडा तालुक्यात एका कातकरी बापानं जीव दिला. पोराच्या कफनासाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपायी त्याला राबवल्याचा गुन्हा नंतर नोंदवला गेला. नंतर! कायदा येईस्तोवर आपलं अंग आपल्यालाच सांभाळायचंय.

मग काय, पिच्चरमधल्यासारख्या मुठी वळायच्या, उड्या मारायच्या? ती दुसरी फसवणूक. उडी मारणारा आधी स्वतः पडतो. मी गोदीत गोणी वाहतो. तिथं पहिली अक्कल पायांना येते. एक पाय पुढं, एक मागं, मधे खांद्याएवढी जागा, गुडघे ढिले. अंगावर गोण आली तरी माणूस पडत नाही. अंगावर माणूस आला तरी हेच. थोडं तिरकं उभं राहा. हनुवटी आत. नजर त्याच्या छाती-खांद्यावर. हात येण्याआधी खांदा हलतो. त्याचा हात पोचणार नाही एवढं अंतर ठेवा. तळवे उघडे, छातीसमोर. मोठ्यानं ओरडा, ‘लांब राहा!’ ते तळवे तोंड वाचवतात, आणि चार बघणाऱ्यांना कळतं, अंगावर कोण आलं. पाठीशी भिंत नको, वाट पाहिजे. वाट मिळाली की पळा. पळण्यात कसली लाज? जिवंत घरी पोचणं हीच जीत.

हात उचलावाच लागला तर भिऊ नका. भारतीय न्याय संहितेचं ३४ वं कलम सांगतं, स्वतःच्या बचावाच्या हक्कानं केलेलं कृत्य गुन्हा नाही. ३७ वं सांगतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नको. म्हणजे तो पडला की थांबायचं, साक्षीदार घेऊन ठाण्यावर जायचं.

‘शांत राहा’ म्हणणाऱ्या शहाण्यांनो, २० मार्च १९२७ ला महाडात जेवायला बसलेल्या आमच्या माणसांवर काठ्या पडल्या. त्यांच्या हातात काय होतं? भाकरतुकडा!

भट्टीवर जायच्या आधी जोडीजोडीनं हे उभं राहणं घटवा. पोरींनी आधी.