जुन्या अग्निसूचक यंत्रणा : प्रमाणपत्र आहे, सुरक्षितता आहे का?

दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जणांचा बळी गेला. आग तळमजल्यावरील वाहनतळालगतच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लागली होती. धूर मात्र बाल्कनीपर्यंत पोहोचला. बहुतेक प्रेक्षक भाजून नव्हे, तर गुदमरून दगावले. त्यांना धोक्याची वेळीच सूचना मिळाली नव्हती आणि जादा खुर्च्या बसवल्यामुळे बाल्कनीतील बाहेर पडण्याची वाट अडली होती, ही बाब न्यायालयीन सुनावणीत ठळकपणे पुढे आली. हे चित्रपटगृह १९७३ साली सुरू झाले होते. परवानगीच्या वेळची वास्तू आणि प्रत्यक्ष वापरातील वास्तू यांत दरम्यानच्या काळात अंतर पडत गेले होते.

हे अंतर आज देशातील असंख्य जुन्या इमारतींत आहे. शासकीय कार्यालये, रुग्णालये, वसतिगृहे, व्यापारी संकुले यांपैकी अनेक ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेली अग्निसूचक यंत्रणा अद्याप भिंतीवर आहे. तिच्या पॅनेलवर हिरवा दिवाही लागलेला असतो. तथापि, ती आजच्या मानकांच्या कसोटीवर उतरते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मानके बदलली, इमारती त्याच

राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्यात सुधारणा करण्यात आल्या. संहितेचा चौथा भाग अग्नी व जीवितसुरक्षेला वाहिलेला आहे. अग्निसूचक यंत्रणेची निवड, उभारणी आणि देखभाल यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस २१८९ हे स्वतंत्र मानक आहे. त्याचीही १९९९ आणि २००८ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. साहजिकच, १९९० च्या दशकात नियमानुसार उभारलेली यंत्रणा नंतरच्या आवृत्तीतील प्रत्येक कलमाशी जुळेलच असे नाही.

कायद्याची स्थितीही गुंतागुंतीची आहे. राष्ट्रीय इमारत संहिता ही मूलतः शिफारशीच्या स्वरूपाची असून, राज्ये व स्थानिक संस्था आपल्या नियमांत तिचा समावेश करतात तेव्हाच ती बंधनकारक ठरते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन सेवा हा नगरपालिकांकडे सोपवता येणारा विषय आहे. परिणामी, एकाच प्रकारच्या इमारतीला एका राज्यात एक नियम, तर शेजारच्या राज्यात दुसरा, असे चित्र दिसते. ‘बांधकामाच्या वेळी नियम पाळले होते’ हा मालकांचा युक्तिवाद याच पोकळीत टिकून राहतो.

हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. जुनी यंत्रणा म्हणजे सदोष यंत्रणा, असे समीकरण मांडता येत नाही. लहान इमारतीत विभागवार सूचना देणारे साधे पॅनेलही आपले काम चोख बजावू शकते. याउलट, मोठ्या रुग्णालयात ‘तिसरा मजला, पूर्व विभाग’ एवढीच माहिती मिळाली, तर नेमकी खोली शोधण्यात मोलाची मिनिटे जातात. प्रत्येक डिटेक्टरचा स्वतंत्र क्रमांक दाखवणाऱ्या आधुनिक पॅनेलचे महत्त्व येथे कळते. म्हणून यंत्रणेचे वय किती, यापेक्षा आजच्या वापराच्या संदर्भात तिच्यातील उणीव जिवावर बेतणारी आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

तपासणीत काय पाहावे?

पहिली बाब इमारतीतील बदलांची. सभागृहाचे विभाजन करून केबिन केल्या जातात, खोटे छत बसवले जाते, गोदामाचे कार्यालय होते. डिटेक्टर मात्र जुन्याच जागी राहतात. नव्या भिंतीमुळे एखादी खोली डिटेक्टरविनाच उरते. खोट्या छतावरील पोकळीत वायरींचे जाळे असते, पण तेथे धूर हेरणारे काहीच नसते. मूळ नकाशा हाती घेऊन प्रत्येक खोलीत फिरल्याखेरीज ही त्रुटी उघड होत नाही.

दुसरी बाब खुद्द उपकरणांची. धुळीने माखलेले डिटेक्टर एक तर उगाचच इशारा देतात, किंवा गरजेच्या वेळी गप्प बसतात. वारंवार खोटे इशारे होऊ लागले की कर्मचारी हूटरच बंद करून ठेवतात, आणि मग चालू यंत्रणाही निरुपयोगी ठरते. वीज गेल्यावर आधार देणाऱ्या बॅटऱ्या काही वर्षांत क्षीण होतात. जुन्या पॅनेलचे सुटे भाग मिळेनासे झाले की दुसऱ्या कंपनीचे डिटेक्टर जोडले जातात. ते त्या पॅनेलशी सुसंगत आहेत काय, हे तपासले जातेच असे नाही.

जुन्या आयनीकरण पद्धतीच्या डिटेक्टरांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यांत अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो व त्याचे अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षे आहे. छतावर सुस्थितीत असताना त्यापासून धोका नगण्य असला, तरी काढून टाकलेले डिटेक्टर भंगारात देणे योग्य नव्हे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसारच त्यांची विल्हेवाट लावणे आवश्यक आहे.

तिसरी आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे इशाऱ्यानंतर काय घडते. कोलकात्याच्या ढाकुरिया येथील एएमआरआय रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तळघरात आग लागली. धूर वरच्या मजल्यांवर पसरून सुमारे ९० जण मृत्युमुखी पडले. त्यांत प्रामुख्याने रुग्णच होते. बंदिस्त, वातानुकूलित इमारतीत केवळ घंटा वाजून भागत नाही, हा या दुर्घटनेचा धडा आहे. इशारा मिळताच हवा खेळवणारे पंखे थांबणे, लिफ्ट तळमजल्यावर येणे, कुलूपबंद दरवाजे मोकळे होणे ही कामे आपोआप व्हावीत, अशी आजची अपेक्षा आहे. जुन्या यंत्रणांत ही जोडणी बहुधा नसतेच.

कागद आणि वास्तव

महाराष्ट्राने २००६ मध्ये आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम केला. त्यानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. तरतूद स्तुत्य आहे. परंतु यंत्रणा ‘चालू’ असणे आणि ती ‘पुरेशी’ असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागून दहा बालके दगावली. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याआधीच, १८ डिसेंबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कोविड रुग्णालयांची दरमहा तपासणी करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. तरीही ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तत्कालीन अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात अग्निकांड घडलेच. तपासणीचे आदेश आणि प्रत्यक्ष सुधारणा यांमधील दरी यावरून स्पष्ट व्हावी.

ही दरी मुख्यतः निधीची आहे, हे मान्य करावे लागेल. संपूर्ण यंत्रणा एकाच वेळी बदलणे जिल्हा रुग्णालयाला किंवा मध्यमवर्गीय गृहनिर्माण संस्थेला परवडणारे नाही. यावर उपाय आहे तो उणिवांच्या वर्गवारीचा. बंद हूटर, निकामी बॅटऱ्या आणि डिटेक्टर नसलेल्या झोपण्याच्या खोल्या यांना एक दिवसाचाही विलंब नको. वातानुकूलन व लिफ्टशी जोडणी यांसारख्या कामांसाठी तारखेसह आराखडा व तरतूद हवी. उरलेल्या तांत्रिक विसंगती पुढील नूतनीकरणाच्या वेळी दूर करता येतील. अहवालात प्रत्येक उणिवेपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद व मुदत नमूद झाली, तर तो कपाटात पडून राहण्याची शक्यता कमी होईल.

रुग्णालयातील रुग्ण किंवा वसतिगृहातील विद्यार्थी इमारतीचे प्रमाणपत्र पाहून झोपी जात नाही. आपल्याला वेळीच जाग आणली जाईल, हे तो गृहीत धरतो. त्याचे हे गृहीतक खरे ठरवणे ही मालक, परवानाधारक संस्था आणि स्थानिक प्रशासन या तिघांची संयुक्त जबाबदारी आहे.