नोटरीवरचा गुंठा नको, नोंदणीचा गाळा घ्या



मागच्या महिन्यात दुधनीच्या आमच्या वस्तीतला एक भाऊ आमच्याकडे आला. पुण्यात हाऊसकीपिंगचं काम करतो. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने जपून एक स्टँप पेपर काढला. सात वर्षांच्या बचतीतून त्याने गावाबाहेर एक गुंठा 'घेतला' होता. खाली नोटरीचा लाल गोल शिक्का, दोन साक्षीदार, फोटो, अंगठे, सगळं होतं. आम्ही सातबारा काढला. उताऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याची त्या कागदावर सहीच नव्हती. सही एजंटाची होती. एजंट कोण? आपलाच. दर १४ एप्रिलला मिरवणुकीत सगळ्यात पुढे निळा फेटा बांधून चालणारा.

'दादा, शिक्का तर आहे ना?' असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. आम्हाला उत्तर देणं जड गेलं.

म्हणून हा लेख. काहींना झोंबेल. झोंबू द्या.

आधी कायद्याचं बघू. जमीन, घर, गाळा यांची शंभर रुपयांच्या वरची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी बदलत नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा हेच सांगतो. नोटरी फक्त एवढंच पाहतो की सही करणारा माणूस समोर होता. तो जमिनीचा मालक आहे की नाही, हे नोटरीला कुणी विचारत नाही. मुखत्यारपत्रावर आणि नुसत्या करारावर जमीन विकण्याचा जो धंदा देशभर चालला होता, त्याने मालकी मिळत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या वस्तीत मात्र अजून शिक्क्यालाच खरेदी म्हणतात.

मग लोक नोंदणी का करत नाहीत? कारण एक गुंठा शेतजमीन सरळ नोंदवताच येत नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला किमान वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे ठरवले. त्याहून लहान तुकडा विकायचा तर रीतसर मंजूर रेखांकन आणि रस्ता लागतो. तेवढं करून विकलेला प्लॉट महाग पडतो. म्हणून ज्याच्याकडे पैसा आहे तो मंजूर लेआउटमध्ये प्लॉट घेतो. ज्याच्याकडे नाही त्याला एजंट शेताच्या बांधावर नेतो आणि चार चुन्याच्या रेघा दाखवतो. आता एजंटांनी नवं गाणं सुरू केलंय, की सरकारने सगळं नियमित केलं. २०२५ साली जुने लहान तुकडे नियमित करायचं सरकारने ठरवलं, हे खरं आहे. पण नियमित होतो तो मालकाने केलेला व्यवहार. ज्याची जमीनच नाही त्याने विकलेला गुंठा कुठलंच सरकार नियमित करू शकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपला माणूस बांधावरच्या त्या रेघांपर्यंत का पोचतो? तो अडाणी आहे म्हणून? आम्हाला हे मान्य नाही. गावात त्याला दुसरं काही विकलंच जात नाही म्हणून तो तिथे पोचतो.

दुधनी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोलापूर-कलबुर्गी रेल्वेमार्गावरचं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेलं हे गाव. बाजारात मराठीपेक्षा कन्नड जास्त ऐकू येते. नगरपरिषद आहे, बाजार समिती आहे, तुरीच्या हंगामात यार्डात पाय ठेवायला जागा नसते. त्या यार्डात पोती उचलणारे कोण आहेत आणि आडतीच्या गादीवर बसलेले कोण आहेत, हे पाहायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. दुकानांच्या पाट्यांवरची आडनावं वाचत एक चक्कर मारा, पुरे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाचजणांनी मिळून बाजाराजवळ पत्र्याचं एक शेड विकत घ्यायचं ठरवलं. दहा बाय बाराचं. भाव ठरला, इसारही ठरला. इसाराच्या दिवशी आधारकार्डं बाहेर आली, आडनावं वाचली गेली, आणि मालकाच्या मोठ्या भावाला अचानक ते शेड स्वतःसाठी हवं झालं. कुणी शिवी दिली नाही, उलट चहा पाजला. अॅट्रॉसिटीत बसेल असं एक अक्षर कुणी बोललं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नाव कळल्यावर नकार कसा मिळतो, ते त्यात दाखवलंय. आम्ही तो एम.ए. झाल्यावर वाचला होता. पत्र्याच्या शेडसमोर तो नीट समजला.

आता आपल्याच माणसांशी भांडण.

आम्ही गाळा, टपरीची जागा, शेड असं बोलायला लागलो की सभेत एकजण उठतोच. 'बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हा म्हणून सांगितलं, आणि तुम्ही पोरांना दुकानदार बनवताय!' टाळ्या पडतात. हे भाऊ सभा संपवून ज्या हॉटेलात चहा पितात त्याचा मालक कोण, ज्या मंडपात बोलतात तो कुणाकडून भाड्याने आणतात, बॅनर कुठे छापतात? १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने घेतली नाही. पुढे बाबासाहेबांनी चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा केला. छापखाना म्हणजे शेवटी काय? एक खोली, एक यंत्र आणि कुणाच्या मेहरबानीवर नसलेला दरवाजा.

दुसरा आक्षेप जास्त शिकलेल्यांचा. बाबासाहेब 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये १९४७ साली जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी करतात, मग खाजगी मालमत्तेचा हा प्रचार कसला? आक्षेप गंभीर आहे, म्हणून गंभीरपणे उत्तर देतो. ती मागणी मान्य झाली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. ती मान्य झाली नाही. बाकी सगळ्यांकडे खाजगी मालमत्ता आहे आणि तत्त्वनिष्ठा म्हणून भूमिहीन राहायचं फक्त आपणच, हा कुठला समाजवाद? १९१८ च्या लहान शेतीवरच्या निबंधात बाबासाहेबांनी हेच तर मांडलं, की शेत लहान आहे हा मूळ रोग नाही, शेतीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल-अवजार कमी, हा रोग आहे. उपाय उद्योगधंद्यात आहे. लहान शेतकऱ्यांच्या नावाने आणलेल्या विधेयकाला १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी विरोध केला तो याच विचाराने. आम्ही गुंठ्याऐवजी गाळा का म्हणतो, ते यातून कळेल. एका गुंठ्यात तूर पिकत नाही. दहा बाय बाराच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्ती चालते, शिलाई चालते, सेतूची कामं चालतात, वेल्डिंग चालतं.

शेतीच घ्या म्हणणाऱ्यांचा आम्ही अपमान करत नाही. दादासाहेब गायकवाडांचा १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आमच्या आजोबांच्या पिढीने अंगावर घेतला, तुरुंग भरले. त्यांच्याच नावाची सबलीकरण योजना भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देते, आता शंभर टक्के अनुदानावर. ज्याला मिळत असेल त्याने जरूर घ्यावी. पण शासनाने ठरवलेल्या दरात आपल्याला चांगली जमीन विकायला कोण तयार होतो? मुरमाड माळ तेवढा दाखवतात. आणि महार वतनाच्या जमिनींचं काय झालं? १९२८ साली बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध विधेयक आणलं, १९५८ च्या कायद्याने वतनं गेली, जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या, आणि मग गावोगाव त्या कोऱ्या कागदांवरच्या अंगठ्यांनी निसटल्या. पुण्याच्या मुंढव्यातली वतनाची जमीन २०२५ च्या नोव्हेंबरात वर्तमानपत्रांत गाजली. आमच्या तालुक्यातल्या पाच-दहा गुंठ्यांची बातमी कोण छापणार?

मालमत्ता आली की सुरक्षितता येते, असंही आम्ही म्हणत नाही. खैरलांजीच्या भोतमांगे कुटुंबाकडे स्वतःची शेती होती. शेतातल्या रस्त्याचा वाद होता. २९ सप्टेंबर २००६ ला काय झालं ते आपण विसरलेलो नाही. अमेरिकेत तुल्सा शहरात काळ्या लोकांनी ग्रीनवूडची अख्खी बाजारपेठ उभी केली होती. १९२१ साली गोऱ्या जमावाने ती दोन दिवसांत जाळली. म्हणून एकट्याने, गावाच्या कडेला, शेजारी आपलं कुणी नसताना घेऊ नका. रहदारीच्या जागी घ्या, दोघं-तिघं शेजारी शेजारी घ्या.

नावाचं भांडणही आत्ताच मिटवू. घरचा पैसा असेल तर कागदावर बायकोचं नाव आधी घाला. आमच्या वस्तीत दारूपायी किती खोल्या गेल्या ते मोजून पाहा, मग हरकत घ्या. आणि सगळ्यांच्या वर्गणीचा पैसा असेल तर अध्यक्षाच्या नावावर अजिबात नको. १९५० च्या कायद्याखाली नोंदवलेल्या न्यासाच्या नावावर घ्या. न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अध्यक्ष निवडणुकीत कुठल्याही पक्षात गेले तरी गाळा जागेवर राहतो. हा मुद्दा मांडल्यापासून दोन कार्यकर्ते आमच्याशी बोलत नाहीत. असो.

पैसे कुठून आणायचे? तीन वर्षांचा जयंतीचा डीजे आम्ही वहीत मांडला. त्यात आमच्या त्या पत्र्याच्या शेडचा इसार सहज निघाला असता. त्या तीन वर्षांत डीजेपुढे आम्हीही नाचलो, हेही लिहून ठेवतो. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर वळसंग लागतं. तिथे गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं तेव्हा आपल्या लोकांनी स्वतःची विहीर खोदली, आणि १९३७ साली बाबासाहेब त्या विहिरीवर आले. एसटीतून जाताना आपण त्या दिशेला हात जोडतो. त्या लोकांकडे पैसा आपल्यापेक्षा जास्त होता का?

ज्या भावाचा गुंठा गेला त्याची तक्रार पोलीस ठाण्यात दिली आहे. एजंटाचे फोन सुरू झालेत, 'समाजाची बदनामी कशाला' म्हणून. समाजाची बदनामी त्या शिक्क्याने केली, तक्रारीने नाही.

येत्या रविवारपासून संध्याकाळी सहा ते आठ आम्ही विहारात बसणार आहोत. ज्यांनी जागा घेतली आहे किंवा इसार द्यायच्या बेतात आहेत त्यांनी कागद दाखवायला यावं. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, मागच्या मालकाचं खरेदीखत आणि अकृषिक आदेश असेल तर तोही आणा. नुसती घरपट्टीची पावती आणू नका, तिने मालकी सिद्ध होत नाही. मूळ कागद घरीच ठेवा, झेरॉक्स आणा.

जय भीम, जय संविधान.