आर्मेनियन 'भाषा', कँटोनीज 'बोली' : हा निवाडा कोणाचा?

१/ "आर्मेनियन ही प्राचीन भाषा, कँटोनीज ही चिनीची एक बोली." इतिहासाच्या गप्पांत हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्यातील अन्याय कोणाच्या ध्यानातही येत नाही. माझे म्हणणे एवढेच : हा निवाडा भाषाशास्त्राचा नव्हे. जी मोजपट्टी एकीला लावली, ती दुसरीला कोणी लावलेलीच नाही.

२/ प्रथम ओळख. आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळातील स्वतंत्र शाखा, म्हणजे आपल्या मराठीची दूरची नातलग. पितृ तो 'हायर', मातृ ती 'मायर', दुहितृ ती 'दुस्त्र'. कँटोनीज चिनी-तिबेटी कुळातली. ग्वांगझो, हाँगकाँग, मकाव हे तिचे घर. तिच्यात सहा सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. दोघींत रक्ताचे नाते नाही. म्हणून तुलना त्यांच्या नशिबाची करायची.

३/ पहिली मोजपट्टी : एकमेकांचे बोलणे कळते का? 'एक' म्हणजे कँटोनीजमध्ये 'यत्', बीजिंगच्या मँडरिनमध्ये 'यी'. 'सहा' म्हणजे 'लुक्' आणि 'ल्यू'. 'आठ' म्हणजे 'बात्' आणि 'बा'. शब्दान्तीचे प्, त्, क् मँडरिनने टाकून दिले, कँटोनीजने जपले. बीजिंगचा माणूस ग्वांगझोच्या बाजारात कान देऊन ऐकतो, तरी त्याला संभाषण उमगत नाही. ज्याला 'बोली' म्हणतात ती अशी असते काय?

४/ दोघींचा पूर्वज एक आहे, हे मान्य. इ.स. ६०१ च्या 'छ्येयुन' या यमककोशात त्या जुन्या उच्चारव्यवस्थेची नोंद सापडते. परंतु पूर्वज एक असला की त्या बहिणी ठरतात. एक दुसरीची लेक ठरत नाही. मराठी आणि बंगालीही एकाच घरातून निघाल्या. म्हणून मराठीला बंगालीची बोली म्हणायचे का?

५/ दुसरी मोजपट्टी : स्वतःची लिपी. इ.स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी आर्मेनियनसाठी ३६ अक्षरांची वर्णमाला घडवली. कँटोनीज मात्र चिनी चित्राक्षरांतच लिहिली जाते, असे सांगतात. खरे आहे, पण त्या अक्षरांत तिने स्वतःची भर घातली आहे. 'आहे' या अर्थाच्या चिन्हाच्या पोटातील दोन रेघा काढल्या की कँटोनीजचे 'नाही' तयार होते! मँडरिनच्या प्रमाणलेखनात हे चिन्ह चालत नाही.

६/ आणि लिपीवरूनच भाषा ठरवायची, तर मराठी, हिंदी आणि नेपाळी या तिन्ही एकच मानाव्या लागतील. शिवाय मोडीत लिहिलेली मराठी ही वेगळी भाषा ठरेल. मोजपट्टी आपल्या अंगाला लावली की तिचा वाकडेपणा लगेच दिसतो.

७/ तिसरी मोजपट्टी : राज्य. 'ज्याच्यामागे सैन्य, ती भाषा' हे चुरचुरीत विधान आपण सगळेच फेकतो. पण १३७५ मध्ये किलिकियाचे आर्मेनियन राज्य बुडाले; पुढचे प्रजासत्ताक उभे राहिले १९१८ मध्ये. मधल्या ५४३ वर्षांत आर्मेनियनची बोली झाली नाही. चर्च, हस्तलिखिते आणि छापखाना यांनी तिला तारले. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक 'अझ्दारार' निघाले ते १७९४ मध्ये, आपल्या मद्रासेत!

८/ विद्वानही चुकतात. इराणी शब्दांचा मोठा भरणा पाहून आर्मेनियनला दीर्घकाळ इराणी गटात कोंबले होते. १८७५ मध्ये हाइनरिश ह्युब्शमान यांनी उसने शब्द बाजूला काढून मूळ सांगाडा दाखवला. तिथे उसन्या शब्दांनी फसवले; कँटोनीजच्या बाबतीत सामाईक लिपी फसवते. चूक एकच : अंगरख्यावरून कूळ ठरवण्याची.

९/ चिनीत 'फांगयान' असा शब्द आहे : त्या त्या ठिकाणचे बोलणे. एकोणिसाव्या शतकात शांघायमध्ये परकीय भाषा शिकवणाऱ्या शाळेच्या नावातही तो होता. त्याचे भाषांतर 'बोली' असे करणे ही निव्वळ सोय आहे, आणि ती सोय सत्तेला मानवते. हाँगकाँगचा मूलभूत कायदा नुसते 'चिनी' म्हणतो. कोणती, ते सांगत नाही. २०१० मध्ये दूरचित्रवाणीवर मँडरिन वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ग्वांगझोचे लोक रस्त्यावर उतरले. त्यांना या संदिग्धतेची किंमत ठाऊक होती.

१०/ मात्र उलट टोकही नको. 'थांग काळातील कवी कँटोनीजच बोलत' हे म्हणणे तितकेच पोकळ आहे. जुन्या उच्चारांतील काही भेद मँडरिनने राखले आणि कँटोनीजने गमावले. तसेच 'भाषा' हे बिरुद म्हणजे अभयदान नव्हे. १९१५ च्या संहारानंतर पांगलेली पश्चिम आर्मेनियन युनेस्कोने २०१० मध्ये संकटग्रस्त भाषांत नोंदवली. तिला बोली म्हणून कोणी हिणवले नव्हते. तिची माणसे आणि गावेच उरली नाहीत.

११/ आता आरशात पाहू. कोंकणीला 'मराठीची बोली' म्हणणारे आपणच ना? साहित्य अकादमीने तिला १९७५ मध्ये स्वतंत्र मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. तरी 'लिपी तीच, शब्द तेच' हा युक्तिवाद आपल्याकडे अजून ऐकू येतो. बीजिंगचा युक्तिवाद याहून निराळा नाही.

१२/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने 'ही भाषा की बोली?' एवढ्यावर थांबू नये. हे नाव कोणी दिले, कधी दिले, आणि त्याने कोणाचे तोंड बंद झाले, हे विचारावे. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्याने तर ते सर्वांत आधी विचारावे.